‘माउली’ नव्हे, संचालक

(आपल्या भागातल्या उन्हाळी युवा शिबिराच्या संचालकपदावरून निवृत्त होणाऱ्या ताईंच्या निरोप समारंभात आमच्या गटातल्या एका कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. शिबिरात पहिल्या दिवसापासून आडनावाशिवाय ओळख करून द्यायची पद्धत आहे. ताईंच्या इच्छेनुसार इथंही त्यांना फक्त ‘ताई’च म्हटलं आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो, मित्रांनो, जुन्या-नव्या शिबिरार्थींनो, आणि पहिल्या रांगेत नाइलाजानं बसलेल्या ताई,

शाल झाली, नारळ झाला, हारतुरे झाले. सकाळपासून सात-आठ जण बोलले. मी मागे बसून त्यांचे शब्द वहीत टिपत होते. ‘माउली’, ‘मायेची पाखर’, ‘त्याग’, ‘निरपेक्ष सेवा’, ‘चंदनासारखं झिजणं’. ‘संचालक’ हा शब्द फक्त एकदा आला, तोही कार्यक्रमपत्रिका वाचताना.

बोलणाऱ्यांच्या मनात प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण या शब्दांची मला भीती वाटते. पुरुषानं तीस वर्षं एखादी संस्था चालवली तर आपण त्याच्या दूरदृष्टीबद्दल बोलतो, शिस्तीबद्दल बोलतो, संघटनकौशल्याबद्दल बोलतो. बाईनं तेच केलं की त्याची माया होते. माया म्हटलं की ती शिकावी लागत नाही, तिचं नियोजन नसतं, तिचा मोबदला द्यावा लागत नाही, आणि ती दुसऱ्या कुणाकडे सोपवताही येत नाही. घरातल्या बाईच्या राबण्याला प्रेम म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, या लबाडीविरुद्ध आपण इतकी वर्षं गटचर्चा केल्या, पथनाट्यं केली. मग आपल्याच एका बाईचा सत्कार करताना आपण तीच भाषा का वापरायची?

म्हणून मी आज ताईंच्या मायेबद्दल बोलणार नाही. त्यांच्या कामाबद्दल बोलणार आहे. शेवटी थोडं भांडणारही आहे.

शिबिर मे महिन्यात का, हा प्रश्न नवीन कार्यकर्ते दर वर्षी विचारतात. बालाघाटच्या कुशीतल्या आपल्या गावांत मे म्हणजे चाळीसच्या वर पारा, आटलेल्या विहिरी आणि टँकरची वाट. शहाणा माणूस दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेईल. पण दिवाळीच्या सुमारास आपली निम्मी गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कारखान्याच्या वाटेला लागतात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ऊसतोडीला गेलेली मुलं-मुली गावात भेटतील ती उन्हाळ्यातच.

दुसरं कारण याहून मोठं आहे. मे हा लग्नसराईचा महिना. दहावीची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा, मुलगी घरात ‘रिकामी’ बसलेली. अक्षय तृतीयेचा मुहूर्त असतो. पाहुणे येतात, चहा होतो, बोलणी होतात. त्यात ऊसतोडीचं गणित: नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या जोडीला मिळते. लग्न झालं की एक कोयता तयार होतो. मुलीच्या वयाचा हिशेब त्या गणितात कुठंच नसतो.

कायदे नाहीत का? भरपूर आहेत. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय १४ ठरवलं. १९४९ मध्ये ते १५ झालं, १९७८ मध्ये १८. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला आणि महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवकांवर जबाबदारी टाकली गेली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत दिसलं की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभरांतल्या सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पहिल्या कायद्याला नव्वद वर्षं उलटून गेल्यावरची ही स्थिती!

ताईंनी या महिन्याकडे नीट पाहिलं आणि शिबिर बरोब्बर त्याच्या मध्यभागी ठेवलं. ज्या दहा दिवसांत मुलगी ‘दाखवायची’ असते, त्याच दहा दिवसांत ती घराबाहेर, शाळेच्या पटांगणात, पन्नास-साठ मुलामुलींबरोबर राहते. हा योगायोग नव्हता. याला राजकीय समज म्हणतात.

तारखा ठरवणं सोपं, मुलीला घराबाहेर काढणं अवघड. शिबिराचं खरं काम मार्चमध्ये सुरू होतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. घरभेटी! एका मुलीसाठी कधी कधी चार चकरा. ताई घरी गेल्या की पहिल्या भेटीत शिबिराचा विषय काढायच्या नाहीत. पाणी किती दिवसांनी येतं, शेळी किती पिल्लं व्याली, मुकादमाचे पैसे फिटले का, असं बोलणं व्हायचं. दुसऱ्या भेटीत विषय निघायचा. त्या समतेवर भाषण द्यायच्या नाहीत. आई-बापाला ज्या गोष्टींची धास्ती असते, त्या एकेक करून सांगायच्या. मुली कुठल्या खोलीत झोपणार, कडी आतून आहे की बाहेरून, संडास किती पावलांवर आहे, रात्री कोण जागं असणार, ताप आला तर कुठल्या दवाखान्यात नेणार. आणि शेवटी सांगायच्या, ‘तुम्ही कधीही, न सांगता, येऊन बघा.’ हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. पालक येत. कुणी रात्री नऊला मोटारसायकलवरून येत. त्यांना चहा मिळायचा आणि सगळ्या खोल्या बघायला मिळायच्या.

परवानगी बापाची मिळाली तरी ताई आईला वेगळं विचारायच्या. मुलगी दहा दिवस गेली तर पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, हा बोजा आईवर पडतो. त्या आईशी बोलल्याशिवाय मुलीला नेणं म्हणजे एका बाईच्या मोकळेपणाची किंमत दुसऱ्या बाईकडून वसूल करणं. मग शेजारणीला सांगून, कधी मुलीच्या भावाला गाठून, दहा दिवसांच्या हंड्यांची वाटणी व्हायची. ‘तुझी बहीण शिबिराला जातेय, दहा दिवस पाणी तू भर,’ हे वाक्य ऐकून आपल्या गावांतली काही मुलं आयुष्यात पहिल्यांदा नळावर उभी राहिली. शिबिराचा पहिला धडा शिबिराबाहेरच्या पोरांना मिळाला!

आता शिबिराच्या दिवसाविषयी. महाराष्ट्रात शिबिरांची परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख. पुढे सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली, तीही ऐन मे महिन्यात. श्रमदान, बौद्धिक, गाणी, खेळ हा साचा आपल्याला तिथूनच मिळाला. पण आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्या जाणतात की कित्येक पुरोगामी शिबिरांत समतेवरचं बौद्धिक मांडवात चालायचं आणि चुलीपाशी बायकाच असायच्या. बौद्धिक संपलं की समता जेवायला यायची, वाढायला कुणी तरी असायचंच.

ताईंनी बौद्धिकं कमी केली आणि स्वयंपाकघर अभ्यासक्रमात आणलं. पहाटे साडेपाचला उठणं, ऊन चढायच्या आत मैदानी खेळ आणि श्रमदान, अकरा ते चार सावलीत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. आणि या सगळ्याला धरून चार गट: स्वयंपाक, पाणी, सफाई, आजारी-दुखणाईत. रोज चिठ्ठ्या टाकून गट बदलायचे. मुलगा म्हणून पाणी आणि मुलगी म्हणून भाकरी, असं कधी झालं नाही. पहिल्या दिवशी मुलांच्या भाकऱ्यांचे नकाशे व्हायचे. ते नकाशे सगळ्यांनी खायचे, हसायचं, पण मुलीनं पुढे होऊन ‘दे इकडे, मी करते’ म्हणायचं नाही, हा नियम. मुलींना हा नियम पाळणं मुलांपेक्षा अवघड जायचं. हात शिवशिवायचे त्यांचे. दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर ओढून घेण्याची सवय बाराव्या-तेराव्या वर्षीच किती घट्ट झालेली असते, ते तिथं दिसायचं.

पाणी गटाकडे हिशेब असायचा. माणशी किती तांबे, अंघोळीला किती, भांड्यांना किती. आजारी-दुखणाईत गटातल्या प्रत्येकाला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण तोंडपाठ असायचं. उन्हाचा त्रास ओळखायचा कसा, माणसाला सावलीत आणून अंग ओलं कसं करायचं, हे मुलं करून शिकायची. त्याच गटाच्या पेटीत पॅड असत. त्या कापडात गुंडाळून लपवलेल्या नसत. गटात मुलगा असला तर पॅड मागणाऱ्या मुलीला तोच काढून द्यायचा. पहिले दोन दिवस खुसुखुसु हसू, तिसऱ्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पाळीवर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही असं नाही, तेही व्हायचं, पण पेटीनं जास्त काम केलं.

पंगतीतही चिठ्ठ्याच. ज्याच्याशेजारी नाव निघेल त्याच्याशेजारी बसायचं. आडनाव कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं. मंदिर खुलं झालं. पण घरातली पिण्याच्या पाण्याची घागर अजून सगळीकडे खुली झालेली नाही, हे आपल्या मुलांना पुस्तकातून कळत नाही, शेजारी बसलेल्या मुलीकडून कळतं. एका वर्षी एका गावचे पाहुणे म्हणून आलेले मोठे लोक पंगतीत वेगळं पान मागू लागले. ताईंनी चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्यासमोर धरला. ते न जेवता गेले. त्यांच्या वाटणीची भाकरी मुलांनी वाटून खाल्ली.

आता जे बोलणार आहे ते निरोप समारंभात सहसा बोलत नाहीत. मुलांना घराबाहेर आणलं की त्यांची जबाबदारी येते, आणि धोका बाहेरून जितका येतो तितकाच आतूनही येतो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या किती तरी आधीपासून आपल्या शिबिराचे नियम वहीत लिहिलेले आहेत. कुणाही मोठ्या माणसानं एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन कुठं जायचं नाही. मुलींच्या खोलीत पुरुष कार्यकर्त्यानं पाऊल ठेवायचं नाही, आणि मुलांच्या खोलीतही रात्री एकट्यानं जायचं नाही. रात्रपाळीला दोन जण, त्यांत एक बाई. आणि दारापाशी एक कुलूपबंद डबा, नाव न घालता चिठ्ठी टाकायला. किल्ली बाहेरगावच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे.

पोक्सो यायच्या आधी एका उन्हाळ्यात त्या डब्यात चिठ्ठी आली. खेळ शिकवायला आलेला एक तरुण मुलींच्या अंगाला नको तिथं हात लावतो, अशी. तो तरुण म्हणजे शिबिराला दर वर्षी धान्य देणाऱ्या घरातला. ‘मुलींचा गैरसमज झाला असेल’, ‘शिबिराचं नाव खराब होईल’, ‘उद्यापासून कोण पाठवेल आपल्या मुलींना?’ ही तीनही वाक्यं त्या दिवशी बोलली गेली, आणि बोलणारे आपलेच लोक होते. ताईंनी दुसऱ्या एका कार्यकर्तीला बरोबर घेऊन मुलींशी बोलणं केलं. त्याला त्याच क्षणी शिबिराबाहेर काढलं. मुलींच्या पालकांना त्याच दिवशी बोलावून घेतलं, आणि ज्या मुलीची व तिच्या आईची तयारी होती त्यांच्याबरोबर त्या पोलीस ठाण्यात गेल्या. मग संध्याकाळी सगळ्या पालकांना काय घडलं ते, मुलीचं नाव न घेता, स्वतः सांगितलं.

पुढच्या वर्षी धान्य आलं नाही. त्या वर्षी आपण पिठलं फार खाल्लं. पण मुली कमी झाल्या नाहीत. ज्या बाईनं लपवलं नाही तिच्याकडे मुलगी सुरक्षित आहे, इतकं आई-बापांना कळतं. नाव खराब होतं ते झाकल्यानं. आज तर असा प्रकार माहीत असून न कळवणं हा गुन्हाच आहे. पण कायदा नसताना जे केलं त्याला धाडस लागलं. या धाडसाचा उल्लेख आज सकाळपासून एकाही भाषणात आला नाही. ‘मायेची पाखर’ म्हटलं की पोलीस ठाण्याची पायरी दिसेनाशी होते!

शिबिरानं किती लग्नं थांबवली, असं निधी देणारे विचारायचे. ताई आकडा द्यायच्या नाहीत. मुलगी शिबिराला येऊन गेली आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न लागलं, असं अनेकदा झालं आहे. जिचं लांबलं, तिचं शिबिरामुळे लांबलं, की शिक्षिकेमुळे, की पाऊस चांगला झाला म्हणून, हे कोण सांगणार? पण एवढं नक्की की १०९८ हा नंबर पाठ असलेल्या मुली गावोगाव झाल्या. मैत्रिणीचं ठरतंय असं कळल्यावर फोन करणाऱ्या मुली झाल्या. आणि भाकरी थापता येणारे नवरे काही घरांत गेले, ही गोष्टही लहान समजू नका.

आता भांडण. ताई, तुमच्यासमोर बोलते, मागे बोलणार नाही.

तुम्ही शाळेत शिक्षिका होतात. वर्षात जी एकच मोठी सुट्टी मिळते ती तुम्ही शिबिराला दिलीत. त्या दिवसांत ‘घरी स्वयंपाक कोण करतं?’ हे तुम्हाला दर वर्षी कुणी ना कुणी विचारलं. तुमच्याबरोबरच्या पुरुष कार्यकर्त्यांना हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. संस्थेनं मानधन देऊ केलं तेव्हा तुम्ही नाकारलंत. तुमच्या मनाचा मोठेपणा मला कळतो. पण त्याचा परिणाम काय झाला? तुमच्यानंतर हे काम करू शकेल अशी कोण आहे? जिला पगार आहे, सुट्टी आहे, घरचे मोकळं सोडतात, अशीच. आपल्या शिबिरातून तयार झालेली, बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, आज अंगणवाडीत मदतनीस असलेली मुलगी हे काम तुमच्याइतकंच चांगलं करील. पण ती फुकट करू शकणार नाही, आणि तिनं मानधन मागितलं तर लोक म्हणतील, ‘ताईंनी कधी पैसा घेतला नाही.’ तुमचा त्याग तिच्या वाटेत उभा राहील.

आणि किल्ल्या! कोठीची किल्ली तुमच्या कमरेला, किराण्याचा हिशेब तुमच्या डोक्यात, कुठल्या घरी आजीला आधी भेटायचं आणि कुठल्या घरी काकांना, हे फक्त तुम्हाला ठाऊक. आपण याला निष्ठा म्हणत आलो. पण एका बाईच्या डोक्यावर सगळं ठेवून बाकीचे निर्धास्त झोपतात, ही व्यवस्था आपण घरात नाकारतो. संस्थेत ती कौतुकाची कशी होईल?

म्हणून आमच्या गटानं आणि शिबिर समितीनं मिळून काही ठरवलं आहे. ते इथं सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे नंतर कुणाला विसरता येणार नाही.

पहिलं, पुढच्या वर्षापासून संचालक एक नसेल, तिघांचं मंडळ असेल. त्यांत दोघी जुन्या शिबिरार्थी. तिघांनाही मानधन मिळेल आणि ते हिशेबात ‘मानधन’ म्हणूनच लिहिलं जाईल, ‘प्रवासखर्च’ म्हणून लपवलं जाणार नाही.

दुसरं, घरभेटी चालूच राहतील. ‘आता मोबाइलवर फॉर्म पाठवला की झालं’ अशी एक सूचना आली आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात आहे, त्या घरातली मुलगी तो फॉर्म कसा भरणार? २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते अर्धंही कुणी तरी भरायचंच असतं. त्यासाठी वेगळी रक्कम काढली आहे.

तिसरं, नियमांची वही छापून प्रत्येक कार्यकर्त्याला दिली जाईल आणि वाचल्याची सही घेतली जाईल. देणगीदारालाही ती वही दिली जाईल. त्यातला एकही नियम धान्याच्या पोत्यासाठी सैल होणार नाही.

चौथं, शहरात ‘समर कॅम्प’ निघाले आहेत, भरपूर फी घेऊन व्यक्तिमत्त्व विकास करून देतात. तसं काही करून शिबिर ‘स्वयंपूर्ण’ करावं असाही विचार पुढे आला. फी लावली की पहिली गळेल ती मुलगीच. भावाची फी भरली जाईल, तिची नाही. तेव्हा फी नाही. प्रत्येक गावानं ज्वारी, डाळ, तिखट-मीठ द्यायचं, ही पद्धत तशीच राहील.

आणि पाचवं तुमच्यासाठी आहे, ताई. तुम्हाला ‘मार्गदर्शक’ नेमायचं असं काही जणांच्या मनात होतं. आम्ही विरोध केला. मार्गदर्शक म्हणजे बिनपगारी संचालक. रात्री अकराला फोन करून ‘ताई, गॅस संपला, काय करू?’ विचारायची सोय. तुम्हाला तीस उन्हाळ्यांनंतर सुट्टी मिळाली पाहिजे, खरीखुरी. त्यापूर्वी एवढंच मागणं आहे, येत्या दोन महिन्यांत आमच्यापैकी दोघी वही घेऊन तुमच्याकडे बसतील. घराघरांचं जे तुमच्या डोक्यात आहे ते सगळं सांगा. ते तुमचं ज्ञान आहे, ते लिहून घेतलं पाहिजे आणि त्यावर तुमचं नाव असलं पाहिजे. पत्रिकेत नाव नको म्हणालात, ते ऐकलं. या वहीवर मात्र आम्ही ऐकणार नाही.

पुढच्या मेमध्ये एक दिवस पाहुण्या म्हणून या. कोठीकडे बघू नका. चिठ्ठी उचला, जिच्याशेजारी नाव निघेल तिच्याशेजारी बसा, पोरांनी केलेला नकाशा खा, आणि ताट तेवढं स्वतः धुवा. तो नियम सगळ्यांना आहे.

मैत्रिणींनो, टाळ्या पुरे. दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात गावांची यादी आहे आणि प्रत्येक गावापुढे दोन रिकाम्या जागा आहेत. मार्चपासून तिथं घरभेटीला कोण जाणार, त्यांची नावं लिहायची आहेत. एक बाई आणि एक पुरुष, किंवा दोघी बाया. सत्तावीस गावं आहेत, चौपन्न नावं हवीत. चहाला जाण्यापूर्वी लिहा. जी गावं रिकामी राहतील तिथल्या मुली येणार नाहीत, इतकं हे सोपं आहे.